आयसीयूतल्या संसर्गाचे आकडे रुग्णालयांनी जाहीर करावेत का?

गोदाकाठ: नाशकात रुग्णालय निवडताना आपण बेडचा दर विचारतो, कॅशलेस होईल का विचारतो. तिथल्या आयसीयूत क्लेबसिएला किंवा असिनेटोबॅक्टर किती जणांना लागला, हे कोणी विचारत नाही. यातले काही जंतू मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. मग उरतं कोलिस्टिनसारखं औषध, जे किडनीला जड जातं. लघवीचा कॅथेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि व्हेंटिलेटरमुळे झालेल्या संसर्गाचे आकडे दर तीन महिन्यांनी दर्शनी भागात लावायला लावा.

सातपूरकर: लावा की! दुसऱ्या दिवसापासून कल्चर, म्हणजे जंतू शोधायची लॅब तपासणी, पाठवणंच बंद होईल. तपासलंच नाही तर सापडणार काय? शिवाय सरकारी सिव्हिलला पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून शेवटच्या घटकेला पेशंट येतात, बाहेर भरपूर अँटिबायोटिक घेऊन. त्यांची तुलना गंगापूर रोडच्या चकचकीत हॉस्पिटलशी करणार?

गोदाकाठ: नुसती संख्या नकोच. लाइन जितके दिवस होती, त्या दर हजार दिवसांमागे संसर्ग किती, असा दर काढतात. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन असलेले हा हिशेब ठेवतातच, फक्त आतल्या आत. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या स्वीडिश पेशंटमध्ये एनडीएम-१ वाला क्लेबसिएला सापडला; मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणाऱ्या त्या एन्झाइमला नावच नवी दिल्लीचं दिलं. पुढे ते गाजलं तेव्हा आपण जंतूपेक्षा बदनामीवरच जास्त बोललो.

सिडको_मेडिकल: जंतू औषधांना दाद देत नाहीत याचा दोष शेवटी आम्हा मेडिकलवाल्यांवरच येणार, म्हणून आधीच बोलतो. ठरावीक अँटिबायोटिकच्या विक्रीची नोंद ठेवायला लावणारं शेड्यूल एच-१ २०१४ पासून आहे. सेफिक्झीमसारखी अँटिबायोटिक गोळी द्यायची तर डॉक्टरचं, पेशंटचं नाव रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं. गिऱ्हाईक म्हणतं, 'मागे याच गोळीने बरं वाटलेलं, दोनच द्या.' नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात.

रात्रपाळी: गोळ्यांचा दोष आहेच, पण आयसीयूत एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जंतू नेतात ते आमचे हात. एका सिस्टरकडे चार व्हेंटिलेटर असले की दर पेशंटमागे हात धुणं फक्त चेकलिस्टवर होतं. आकडे लावणार असाल तर शेजारी रात्री किती सिस्टर होत्या, तेही लिहा.

सातपूरकर: ही पाटी लावा, माझा पाठिंबा. संसर्गाची नको. मालक लोक आकडा खाली आणायला सिस्टर वाढवणार नाहीत, गंभीर पेशंट घ्यायचंच टाळतील.

गोदाकाठ: गंभीर पेशंट टाळण्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कल्चरच्या लपवाछपवीवर मात्र आहे: किती कल्चर पाठवले तेही त्याच पाटीवर येऊ द्या. शंभर बेडचं हॉस्पिटल आणि महिन्याला चार कल्चर, हे वाचून कोणालाही कळेल.