कॅमेऱ्यात आयएसओ सापडत नाही, तातडीने मदत हवी आहे

मुठाकाठ: नदीपात्रात आमच्या ढोल पथकाचा सराव संध्याकाळी असतो. फोटो सगळे हललेले येतात. टिपरू मारणारा हात तर दिसतच नाही, नुसता फिकट पट्टा. आयएसओ (म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) वाढव असं सगळे सांगतात, पण मेन्यू पालथा घातला तरी ते कुठेच नाही. उद्या परत सराव आहे, लवकर सांगा.

रसिका_ग: अहो, कॅमेरा कोणता ते तर लिहा! ऑटोवर काढताय का? फ्लॅश चालू होता का?

पेठकर: मोबाईलने काढा. नाइट मोड मस्त चालतो.

मुठाकाठ: कॅनन पॉवरशॉट, ए सिरीजमधला, मामाने दिलेला. ऑटोवरच आहे. फ्लॅश बंद. मोबाईल नको, मला झूम हवाय.

रसिका_ग: मग तेच कारण. ऑटोमध्ये आयएसओ कॅमेराच ठरवतो, तुम्हाला बदलू देत नाही. वरचं चाक पी (प्रोग्रॅम मोड) वर आणा, मग फंक-सेटचं बटण दाबा, आयएसओ दिसेल. ८०० करून बघा.

जुना_रोलवाला: ८०० अजिबात नको. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, ४०० च्या वर दाणे दिसायला लागतात. आम्ही १०० च्या रोलवर लग्नं काढली आहेत. ट्रायपॉड घ्या, १०० वर ठेवा.

रसिका_ग: काका, ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहील, ढोल वाजवणारा कसा राहील? आयएसओ वाढवला की शटर कमी वेळ उघडं राहतं, म्हणून हललेलं कमी दिसतं. १०० ला शटर १/८ सेकंद मिळत असेल तर २०० ला १/१५, ४०० ला १/३०, ८०० ला १/६०. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला टाकूनच द्यावा लागतो.

जुना_रोलवाला: लग्नात माणसं उभी असतात, हे मान्य. पण १६०० ला जाऊ नका एवढं ऐका.

डेक्कनवासी: सराव रात्री किती वाजेपर्यंत चालतो? आमच्या घरात आजारी माणूस आहे, खिडक्या लावूनही आवाज येतो. पथकांनी याचा विचार करावा.

पेठकर: कार्ड क्लास १० चं घ्या, तपकीर गल्लीत मिळेल.

रसिका_ग: कार्डाचा इथे काय संबंध? मुठाकाठ, झूम कमी करा. झूम ताणला की लेन्सचं तोंड बारीक होतं. एफचा आकडा (मोठा म्हणजे तोंड बारीक) २.८ चा ५.९ झाला तर प्रकाश पावपट उरतो, आयएसओ वाढवून मिळवलेलं बरंचसं तिथेच जातं. दोन पावलं पुढे जा.

मुठाकाठ: पी वर सापडलं! घराखालीच दिव्यात भावाला ढोल वाजवायला लावला. ८०० ला चेहरा स्वच्छ आला, हात अजून पुसटच. डेक्कनवासी, वेळेचं पथकप्रमुखांशी नक्की बोलतो.

जुना_रोलवाला: हाताला आयएसओ पुरणार नाही, वेळ साधावी लागेल. टिपरू पूर्ण वर गेलं की हात क्षणभर थांबतो, तो क्षण पकडायचा. बटण आधीच अर्धं दाबून फोकस धरून ठेवा, नाहीतर हे कॅमेरे क्लिक करायला उशीर लावतात. आणि ठेका कानाने ऐका, डोळ्याने बघून दाबलंत तर हात खाली आलेला असतो.

मुठाकाठ: हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या झूम न वापरता, ८०० ला, ठेक्यावर. फोटो इथेच टाकतो.