'गॉब्लिन्स' आत्ता वाचू का?

प्रश्न: 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा पहिला सीझन कालच संपवला. त्यावरची 'गॉब्लिन्स' (१९९४) ही कादंबरी हाती लागलीय. पुढचं काही फुटेल का?

उत्तर: बिनधास्त वाच. अशा कादंबरीत मल्डर-स्कली या एफबीआयच्या जोडीच्या आयुष्यात मोठं काही घडवता येत नाही, मालिकेची पंचाईत व्हायची! गुन्हा सुटतो, माणसं होती तिथेच. मला तेच खटकतं.

उत्तर: मला नाही खटकत. याच मालिकेवरची केविन अँडरसनची 'ग्राउंड झीरो' (१९९५) घे. अणुशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतच जळून मरतो. पडद्यावर स्फोटाला पैसे लागतात, कागदावर फुकट.

प्रश्नकर्ता: आणि स्कली?

उत्तर: पडद्यावर बोलते तशीच पुस्तकातही बोलते. पण ती नुसती भुवई उंचावते ना, ते लिहिताना भल्याभल्यांची दमछाक होते.