पिझो ट्विटर भंगार नाही, तुमचं वायरिंग भंगार आहे

सुतारपक्षी
परवा कॉलम स्पीकरच्या (उभ्या, अरुंद पेटीत एकावर एक बसवलेले स्पीकर) चर्चेत आठ_ओहम साहेबांनी जाता जाता एक पिंक टाकली: "पिझो लावणारा माणूस एकतर चिकट असतो नाहीतर बहिरा." पिझो म्हणजे स्वस्तातला ट्विटर, बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर. चिकट असेन, बायकोही तसंच म्हणते. बहिरा नाही. तिथे उत्तर द्यायला गेलो तर गाडी प्लायवूडच्या भावावर गेली होती, म्हणून हा वेगळा धागा.

गेल्या वर्षी गावच्या सप्ताहासाठी दोन कॉलम बांधले. एकेकात सहा इंची चार स्पीकर आणि बाजूला उभ्या रांगेत सोळा पिझो. सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत वाजले. एकही गेला नाही.

आता मुद्दा. पिझोला कॉईल नाही, चुंबक नाही. सिरॅमिकची चकती, तिला चिकटलेला कागदाचा छोटा कोन आणि पुढे प्लास्टिकचा हॉर्न. ॲम्प्लिफायरला तो स्पीकर म्हणून दिसतच नाही, ०.१५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर म्हणून दिसतो. १ किलोहर्ट्झला हजार ओहमच्या वर, २० किलोहर्ट्झला पन्नासेक. एखादा लावला तर ॲम्पला पत्ताही लागत नाही. मोटोरोलाने सत्तरच्या दशकात केएसएन १००१ वगैरे काढले, तेव्हा 'क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) लागत नाही' हाच विकायचा मुद्दा होता. आपल्या लोकांनी तेवढंच पाठ केलं.

पण सोळा पॅरलल जोडले की झाले २.४ मायक्रोफॅरड. २० किलोहर्ट्झला साडेतीन ओहमसुद्धा उरत नाहीत. इथे ॲम्प जातो आणि शिव्या पिझोला.

मी काय केलं? दोन सिरीज, अशा दोन जोड्या पॅरलल. चारांच्या गटाचा कपॅसिटन्स एकाइतकाच राहतो आणि प्रत्येकावर निम्मा व्होल्टेज येतो. असे चार गट म्हणजे सगळे मिळून ०.६ मायक्रोफॅरड, २० किलोहर्ट्झला तेरा ओहम. शिवाय प्रत्येकाला स्वतःचा ३३ ओहम रेझिस्टन्स. आवाज प्रत्येकी ६ डेसिबेलने उतरतो, मान्य. सोळा आहेत, उतरू दे.

आठ_ओहम
चिकट असल्याचं कबूल केलंत, निम्मा वाद मिटला.

गणित बरोबर आहे. पण ते ॲम्प वाचवतं, कान नाही. तुमच्या पिझोचं तोंड ८५ मिलीमीटरचं. कितीही चिकटवून बसवा, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८५ च्या खाली जाता येत नाही. आणि ४ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण तेवढीच. म्हणजे पिझो जिथून नीट बोलायला लागतो, तिथूनच तुमची रांग आपापसांत भांडायला लागते, एकाचा आवाज दुसऱ्याचा खातो. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३४ मिलीमीटर, तिथे तर आनंदच. सतरंजीवर बसून ऐका, मग उठून उभे राहा. महाराजांचा 'स' तोच राहतो का बघा.

त्यापेक्षा एक इंची एक कंप्रेशन ड्रायव्हर (कॉईल-चुंबकवाला, हॉर्नमागे बसणारा बारीक आवाजाचा स्पीकर) आणि एक हॉर्न. एकच उगम, भांडण नाही.

नवशिक्या
छान माहिती. तो ३३ ओहम किती वॅटचा घ्यायचा?

कावळा_मेकॅनिक
बत्तीस वर्षं दुकान चालवतोय, म्हणून बोलतो. एकदा एक मंडळवाला ॲम्प घेऊन आला, ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या उडालेल्या. म्हणतो, "काका, आवाज लावलाच नव्हता." मी मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. नवीन जोड्या टाकल्या, त्याचेच टॉप (वरचे, बारीक आवाजाचे बॉक्स) जोडले, व्हॉल्यूम शून्यावर. पाच मिनिटांत हीटसिंकला हात लावता येईना. स्कोप (लहरी दाखवणारं यंत्र) लावला तर ॲम्प आपला आपणच गातोय, कानाला ऐकू न येणाऱ्या सुरात. चौदा पिझो थेट आऊटपुटवर, मध्ये काही नाही. पोरगं खरं बोलत होतं.

दुसरी गंमत. लोक सवयीने पिझोच्या आधी २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकतात, बास अडवायला म्हणून. अरे, ०.१५ च्या समोर २.२ काय करणार? अर्धा डेसिबेल खातो आणि गप्प बसतो. अडवायचंच असेल तर पिझोच्या दोन टोकांवर २२ ओहम रेझिस्टन्स आडवा टाका. मग तोच २.२ तीन-सव्वातीन किलोहर्ट्झच्या खालचं कापायला लागतो. हे एकट्या ट्विटरचं सांगतोय, रांगेला तसंच लावू नका.

आणि आठ_ओहम साहेब, तुमच्या कंप्रेशन ड्रायव्हरचे जळके डायफ्रॅम माझ्याकडे डबाभर पडलेत. पाठवू का?

आठ_ओहम
चारशे वॅटचा ॲम्प क्लिपिंगला (आवाज फाटेपर्यंत) नेऊन चाळीस वॅटच्या ड्रायव्हरवर सोडणाऱ्यांचे असतील ते. डबा त्यांनाच पाठवा.

पेटीमास्तर
मला ओहम-बिहम कळत नाही. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवतो. एवढं सांगतो, पिझो आले आणि टाळ बिघडला. वीस टाळकरी एका लयीत असले की टाळाला शेवटी एक गोड शेपूट असतं, ते हळूहळू विरतं. पिझोतून फक्त डोकं येतं, शेपूट कापलेलं. चार्र चार्र. आमचा मृदंगवाला कानात कापूस घालून बसतो.

सुतारपक्षी
मास्तर, नमस्कार. तुम्ही ऐकलेले पिझो बहुधा फुल आवाजात थेट जोडलेले असतील. आमच्या कॉलमसमोर एकदा टाळ ऐका, मग बोलू.

आठ_ओहम, उभ्या रांगेत भांडण होतं ते वर-खाली, डावी-उजवीकडे नाही. लोक खाली बसलेत. वरचं भांडण मंडपाच्या कापडाला ऐकू जातं, त्याची तक्रार अजून आली नाही. आणि रांग असल्यामुळेच अंतर दुप्पट झालं की आवाज ६ च्या जागी ३ डेसिबेलच्या आसपासच उतरतो. शेवटच्या बाईलाही अभंगाचे शब्द कळतात.

वैतागलेली_शेजारीण
अवांतर आहे, पण विचारतेच. त्या शेवटच्या बाईच्याही मागे, मंडपाच्या बाहेर, आपल्या घरात जी बाई राहते तिला शब्द ऐकायचे आहेत का, हे कुणी विचारलं?

आमच्या खिडकीपासून मंगल कार्यालय तीस पावलांवर. मुलीची बारावी होती तेव्हा फेब्रुवारीभर कानात तेच चार्र चार्र. तुमच्या या 'टॉप'मुळेच दार लावूनही शब्द न् शब्द आत येतो. पूर्वी नुसता धुमधुमाट यायचा, आता नवरदेवाच्या मामाचं नाव पण कळतं.

सुतारपक्षी
ताई, सप्ताह आणि लग्नाचा डीजे एका तागडीत तोलू नका.

वैतागलेली_शेजारीण
कान तेच आहेत हो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल लिहिलंय. रात्री म्हणजे दहा ते सहा. त्यात अभंग असेल तर चालेल असं कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही.

पेटीमास्तर
बाई, वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, तेही त्याच नियमांत आहे.

वैतागलेली_शेजारीण
पंधरा. सगळे मिळून पंधरा, आणि ते सरकार ठरवतं. प्रत्येक मंडळाला वेगळे पंधरा नाहीत. आणि काकडा पहाटे कितीला असतो, काका?

पेटीमास्तर
पाच. (काकडा बिनमाईकचा पण होतो. माझ्या लहानपणी तसाच व्हायचा. वडील मृदंग वाजवायचे, वेशीपर्यंत ऐकू यायचा. पण तेव्हा गावात पंखे नव्हते, गाड्या नव्हत्या, आणि लोक गप्प बसायचे.)

सुतारपक्षी
मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

पेटीमास्तर
टाळाच्या.

कावळा_मेकॅनिक
हा धागा स्पीकरचा आहे की पोलीस ठाण्याचा? ताई, राग बरोबर आहे, जागा चुकली. भिंती थरथरतात त्या अठरा इंची बासने, पिझोने नाही.

वैतागलेली_शेजारीण
जागा बरोबर आहे. बांधणारे सगळे इथेच बसलेत. आणि दादा, मी चार्र चार्रबद्दल बोलतेय, थरथरण्याबद्दल नाही. समोरच्याचं नीट वाचायचं नाही ही बत्तीस वर्षांची सवय का?

कावळा_मेकॅनिक
बरं बाई, चुकलो. पाय धरतो. बास?

आठ_ओहम
शेजारीणबाईंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या या धाग्यावरचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे (माझे धरून). रांगेचा आवाज लांब गेला तरी फारसा उतरत नाही, म्हणजेच मंडपाबाहेरही उतरत नाही. सुतारपक्षी ज्याला फायदा म्हणतात तोच बाईंचा ताप. रांग शेवटच्या ओळीकडे तोंड करून, किंचित खाली वाकवून बांधली असती तर निम्मा त्रास वाचला असता. वाकवली होती का?

सुतारपक्षी
नाही. खांबाला सरळ बांधली होती. सुतळीने.

आठ_ओहम
वा.

सुतारपक्षी
वा काय वा. वाकवतो या वर्षी. पण मग तुम्हीही कबूल करा, सोळा पिझोंत एक मेला तर कीर्तन थांबत नाही. तुमचा एक ड्रायव्हर गेला की महाराज मूकनाट्य करतात.

आठ_ओहम
कबूल. कीर्तन थांबू नये म्हणून वाईट आवाज कायम ठेवण्याची तुमची पद्धत भरवशाची आहे. हलकेच घ्या. 'बहिरा' हा शब्द मात्र मागे घेतो. चिकट तुम्ही स्वतःच म्हणालात.

(आणि सिरीजच्या जोडीतला एक मेला की दोघे गप्प, हे लिहायचं राहिलं तुमचं.)

सुतारपक्षी
राहिलं नाही, टाळलं.

नवशिक्या
तुम्ही भांडत होतात तोवर मी कॉलम पुरा केला. सोळा पिझो पॅरलल, आणि पुढे ३३ ओहम पाच वॅटचा पांढरा रेझिस्टन्स. ॲम्प एकदम थंड आहे. पण टाळ ऐकूच येत नाही. 'स' पण नाही. सगळे रजईतून बोलल्यासारखे. रेझिस्टन्सला मात्र बोट लावलं तर चटका. पिझो डुप्लिकेट मिळाले का?

कावळा_मेकॅनिक
किती रेझिस्टन्स लावलेस?

नवशिक्या
एक. सोळांना मिळून.

सुतारपक्षी
अरे बाळा, 'प्रत्येकाला स्वतःचा' लिहिलं होतं ना!

आठ_ओहम
२.४ मायक्रोफॅरड आणि एकच ३३ ओहम म्हणजे २ किलोहर्ट्झपासूनच बारीक आवाजाचा उतार सुरू. पिझो बोलायला लागण्याआधीच तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. प्रत्येकाला वेगळा लावलात तर तोच उतार ३२ किलोहर्ट्झवर जाईल, तिथे फक्त वटवाघळं तक्रार करतील. पाच वॅट चालेल. सोळा घ्या.

वैतागलेली_शेजारीण
नवशिक्या, काही बदलू नका, तसंच राहू द्या. आणि तो एक रेझिस्टन्स नक्की कुठे लावला त्याचा फोटो टाका. कार्यालयवाल्याला दाखवायचाय.