लोहाच्या औषधाबरोबर शिशाची तपासणीही करा
ताई, दोन वर्षांची मुलगी भिंतीचे पोपडे खाते म्हणून डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, ते योग्यच. पण तेवढ्यावर थांबू नका, पोपड्यांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रक्तातलं शिसंही तपासून घ्या. नेहमीच्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) ते कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. बोटाच्या थेंबात आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात, कारण बोटावरची धूळही मिसळू शकते. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय हे शोधायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरक्षित पातळी मुळात नाहीच.

आमच्या इंदूरला राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग संशयितच धरा. खिडकी उघडता-मिटताना रंग घासतो, चौकटीच्या खाचेत बारीक भुकटी साचते, आणि मुलं नेमकी तिथेच हात टेकून उभी राहतात. ती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीआधी पेंटर पॉलिशपेपर मारणार असेल तर मुलीला थेट आजोळी पाठवा. सुरमा लावत असाल तर आजच बंद करा. सुटी, फार पिवळीधमक हळदही नको; या दोन्हींत शिसं असू शकतं.