मदत हवी आहे : युक्रेनमध्ये मते बदलली, की मते देणारी माणसे बदलली?

नमस्कार.

मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून, युद्धामुळे युक्रेनच्या नागरिकांची परराष्ट्र धोरणाविषयीची मते कशी बदलली, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. आकडे पुष्कळ मिळाले आहेत, कारण कीव्ह आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्था आणि राझुम्कोव्ह केंद्र यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे जनमत पाहण्या करत आल्या आहेत. माझी अडचण त्या आकड्यांचा अर्थ लावताना होते. संख्याशास्त्राची किंवा पाहणीच्या कामाची माहिती असलेल्या सदस्यांनी मदत करावी, ही विनंती. युद्धात कोणाची बाजू बरोबर आहे, ही चर्चा कृपया या धाग्यावर नको.

कीव्हच्या संस्थेने फेब्रुवारी २०१४ मध्ये विचारले तेव्हा रशियाविषयी आपले मत एकंदरीत चांगले आहे, असे सांगणारे ७८ टक्के होते. पुढे क्रिमिया रशियाने घेतला, पूर्व युक्रेनमधील डोनबासमध्ये लढाई पेटली आणि मे २०१५ पर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. इथवर काही नवल नाही. परंतु लढाई थंडावत गेली तसे ते पुन्हा चढले, आणि २०१९ मध्ये निम्म्याहून अधिक लोक चांगले मत सांगत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये, आक्रमणाच्या तोंडावर, हा आकडा ३४ होता आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो २ झाला.

नाटोची गोष्ट याच्या उलट आहे. यानुकोविच अध्यक्ष असताना, २०१० मध्ये, कोणत्याही लष्करी गटात न जाण्याचे धोरण कायद्याने ठरले. (आपल्याकडे नेहरूंच्या काळापासून रुळलेल्या अलिप्ततावादाशी त्याची गल्लत करू नये, मी सुरुवातीला केली होती.) त्या काळात नाटोत जावे असे म्हणणारे अल्पमतात होते. डिसेंबर २०१४ मध्ये संसदेने ते धोरण रद्द केले, फेब्रुवारी २०१९ मध्ये युरोपीय संघ आणि नाटो यांचे सदस्यत्व हे उद्दिष्ट राज्यघटनेतच घातले, आणि २०२२ च्या आक्रमणानंतर पाठिंबा ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचला.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की संकट आले की लोक झेंड्याखाली एकवटतात, जॉन म्युलर यांनी १९७० मध्ये अमेरिकेच्या संदर्भात ते दाखवून दिले आहे, तेवढे लिहावे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावे. मला हे पटत नाही. झेंड्याखालची ही एकी ओसरणारी असते, आणि झेलेन्स्की यांच्यावरील विश्वासाला ते वर्णन चपखल बसते : मे २०२२ मध्ये ९० टक्के, डिसेंबर २०२४ मध्ये ५२ टक्के आणि ट्रम्प यांच्याशी व्हाइट हाउसमध्ये २८ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या वादावादीनंतर पुन्हा दोन तृतीयांशांच्या आसपास. रशियाविषयीचे मत मात्र २०२२ नंतर तसे सावरलेले दिसत नाही. म्हणजे निदान दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबल्या जात आहेत, अशी मला शंका आहे.

आता प्रश्न. पहिला असा, की २०१४ नंतर क्रिमिया आणि डोनबासचा ताब्याबाहेरचा भाग पाहण्यांतून वगळला गेला, आणि २०२२ नंतर लाखो लोक देश सोडून गेले. मग मते बदलली असे म्हणायचे, की रशियाकडे कल असलेली माणसे नमुन्यातूनच गेली असे म्हणायचे, आणि या दोहोंचा वाटा वेगळा कसा काढायचा? दुसरा प्रश्न असा, की युद्धकाळात अनोळखी माणसाने दूरध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर कितपत विसंबावे?

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नासाठी मोठे गणित लागत नाही. आपल्या शंकेला शक्य तितकी झुकती बाजू देऊन पाहा. युक्रेनची लोकसंख्या २०१४ मध्ये साडेचार कोटींच्या घरात होती. क्रिमिया आणि डोनबासचा वगळलेला भाग मिळून त्यातले शंभरी बारा लोक होते असे धरू, आणि हे बाराच्या बारा रशियाविषयी चांगले मत असणारे होते, असेही मानू. ते वगळल्यावर ८८ पैकी ६६ उरतात, म्हणजे ७५ टक्के. ७८ चे ७५ होणे नमुना बदलल्यामुळे घडू शकते. ७८ चे ३० होणे त्यामुळे घडू शकत नाही.

हीच रीत २०२२ ला लावा. केवळ माणसे निघून गेल्यामुळे ३४ चे २ व्हायचे असतील, तर शंभरातील जवळपास तेहतीस जण तीन महिन्यांत नमुन्यातून नाहीसे व्हायला हवेत, आणि ते सगळे एकाच मताचे असायला हवेत. देश सोडणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि ती रशियन हल्ल्यापासूनच पळत होती. त्यामुळे हे गृहीत धरणे कठीण आहे. प्रबंधात हे कोष्टक घालावे. परीक्षकांना ते एखाद्या सिद्धान्ताच्या नावापेक्षा अधिक पटेल.

दुसऱ्या प्रश्नाबाबत एवढेच म्हणेन, की लोक निव्वळ भीतीने सोयीची उत्तरे देत असते, तर अध्यक्षांवरील विश्वास ९० वरून ५२ वर आलाच नसता. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांची स्वायत्तता कापणारा कायदा झाला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि महिना संपायच्या आत तो फिरवावा लागला, हेही ध्यानात घ्यावे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कोष्टक आजच करते. मात्र शेवटचा मुद्दा पूर्णपणे पटला नाही. अध्यक्षांवर टीका करणे आणि शत्रूविषयी बरे बोलणे यांत फरक आहे. शत्रूशी हातमिळवणी हा मार्च २०२२ पासून तेथे स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. अध्यक्षांविषयीच्या प्रश्नाला मोकळे उत्तर देणारा माणूस रशियाविषयीच्या प्रश्नावर गप्प बसू शकतो.

प्रतिसाद २

धागाकर्तीची हरकत रास्त आहे. अशा वेळी यादीची युक्ती वापरतात : निम्म्या लोकांना चार विधाने वाचून दाखवायची, उरलेल्यांना तीच चार आणि एक नाजूक विधान, आणि कोणती पटली हे न विचारता किती पटली एवढेच विचारायचे. दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे नाजूक विधान पटणाऱ्यांचे प्रमाण. थेट प्रश्नाचे उत्तर याच्याशी ताडून पाहता येते.

पण माझ्या मते आपण दोघांनीही याहून मोठी अडचण सोडून दिली आहे, ती प्रश्नाच्या शब्दांची. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत विजयापर्यंत लढावे असे म्हणणारे २०२२ मध्ये ७३ टक्के होते आणि २०२५ मध्ये २४ टक्के. लवकरात लवकर वाटाघाटी व्हाव्यात असे म्हणणारे ६९ टक्के झाले. नुसते एवढे वाचले तर युक्रेन थकून गुडघे टेकण्याच्या बेतात आहे असे वाटेल. त्याच वर्षाच्या मध्यास कीव्हच्या संस्थेने भूभागाचा प्रश्न तीन प्रकारे विचारला. गेलेला प्रदेश रशियाचा म्हणून अधिकृतपणे मान्य करण्यास ६८ टक्क्यांचा विरोध होता. जो अजून आपल्या हाती आहे तो सोडून देण्यास ७८ टक्क्यांचा. परंतु मान्यता न देता तूर्त तो रशियाच्या ताब्यात राहू देण्यास ४३ टक्के तयार होते आणि ४८ टक्के विरोधात. म्हणजे वाटाघाटी हव्यात आणि मान्यता नको, हे एकाच माणसाचे मत असू शकते, आणि 'सवलत' या एका शब्दाखाली ते अर्धे हरवते.

याच कारणासाठी 'पश्चिमेकडे कल' असे एकच शीर्षकही आपण प्रबंधात ठेवू नये. अमेरिकेच्या नेतृत्वाला पसंती देणारे गॅलपलाच २०२२ मध्ये ६६ टक्के आढळले होते आणि २०२५ मध्ये १६ टक्के, तर जर्मनीच्या नेतृत्वाला त्याही वर्षी साठाहून अधिक टक्के पसंती होती.

धागाकर्ती

भूभागाच्या तीन प्रश्नांचा तपशील माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. त्यावर स्वतंत्र प्रकरण करावे लागेल असे दिसते. एक शेवटची विचारणा : कीव्हच्या संस्थेच्या जुन्या पाहण्या घरोघरी जाऊन केलेल्या आहेत आणि अलीकडच्या दूरध्वनीवरून. २०१४ आणि २०२२ एकाच आलेखात जोडताना मधली रेघ तुटक काढावी, की दोन वेगळे आलेख द्यावेत?

प्रतिसाद १

रेघ तुटक काढावी आणि पद्धत जिथे बदलली तिथे उभी खूण करावी. दोन वेगळे आलेख दिले, तर २०१५ नंतर सावरलेले मत २०२२ नंतर का सावरले नाही, हा आपला मूळ प्रश्नच वाचकाच्या डोळ्यांसमोरून जाईल.