एचपीव्हीची जागृती करायची, पण तो पसरतो कसा हे सांगायचं नाही?

मास्तरीणबाई (यवतमाळ), सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या गावात एक संस्था येऊन गेली. विषय गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तो ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू आणि त्यावरची लस. आठवी-नववीच्या मुली, त्यांच्या आया, आशाताई, बचत गटाच्या बाया, सगळ्यांनी समाजमंदिर भरलं होतं. माणसं चांगली होती. वर्गणी मागितली नाही, बोलणं सोपं होतं, चहासुद्धा त्यांनीच पाजला.

तक्रार एकच आहे. विषाणू पसरतो कसा, या चित्रापाशी आल्यावर ताई "संपर्कातून" एवढंच म्हणाल्या आणि पुढचं चित्र लावलं. नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, कशाच्या संपर्कातून? डबा एकत्र खाल्ला तर होतो का?" उत्तर आलं, "मोठी झालीस की कळेल." मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघीजणी तिसरीच्या पाण्याच्या बाटलीला हात लावीनात, कारण तिची आजी 'पिशवीच्या कॅन्सरनं' गेलेली.

शरीरसंबंधातून पसरतो, हे सांगायची हिंमत नसेल तर अशी जागृती करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धं सांगितलं की भीती तेवढी घरोघर पोचते. शिवाय गावातल्या एकाही बाप्याला बोलावलं नव्हतं. सरपंच हार घालून घ्यायला आले आणि गेले. हा विषाणू काय बायकांच्या अंगात आभाळातून पडतो?

कास्तकार_पुसद

बाई, तुमचं बरोबर असन, पन गाव तुमाले मालूम नाई असं वाटते. 'संबंधातून होते' हा एक शब्द माइकवर बोलून पाहा, अर्ध्या आया पोरी घेऊन उठून जातीन. माही पोरगी तेरा वर्साची हाय. तिले लस द्याची का, हे मी ठरवीन. पन 'त्या कामासाठी लस' असं गावात झालं तर उद्या तिच्या सोयरिकीत लोकं इचारतीन, हिले काहून लस देली होती? ताईनं चूप राहून लस पोचवली तर काय बिघडलं? धनुर्वाताचं इंजेक्शन देतानी कोनी जंतूचं चरित्र सांगते काय?

फिरती_ताई (वर्धा)

मी अशाच एका संस्थेत गावोगाव फिरून हे काम केलं आहे, म्हणून त्या ताईंची बाजू घेते. आम्ही एका गावात सगळं उघड सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात तपासणी झाली आणि एका बाईला 'पुढच्या तपासणीला या' असं सांगावं लागलं. कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीचा बदल होता, उपचाराने जाणारा. पण नवऱ्याला आमचं भाषण पाठ झालं होतं. घरी गेल्या गेल्या त्याने विचारलं, "कोणापासून आणलंस?" तिला माहेरी पाठवलं. उपचार राहिलाच बाजूला, आम्ही दोन महिने तिच्या सासरच्या ओसरीवर बसून समजूत घालत होतो.

तेव्हापासून मी मोठ्या सभेत 'कसा पसरतो' हे सांगत नाही. जी बाई एकटी येऊन विचारते, तिला सांगते. याला कोणी भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा.

पीएचसीवाला

फिरती ताईंचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. नवऱ्याने तसं विचारलं कारण त्याला निम्मीच गोष्ट कळली होती. संबंधातून पसरतो, ही निम्मी. उरलेली अशी, की लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, कोणाला पत्ताही लागत नाही. थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला त्यानंतर साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे आज सापडलेला बदल केव्हाच्या लागणीचा, कोणाकडून आलेला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आयुष्यात एकच नवरा असलेल्या बाईलाही तो होतो. तो नवऱ्याकडून आलेला असू शकतो आणि त्या नवऱ्यालाही आपण तो बाळगतोय हे माहीत नसतं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती नवऱ्यासमोर खर्च करा.

आणि एचपीव्ही फक्त बायकांचा नाही. गुदद्वाराचा, लिंगाचा, घशाच्या मागच्या भागाचा कॅन्सरही त्याच्यामुळे होतो. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस सुरू केली आणि २०१३ पासून मुलांनाही. पुरुषांना सभेबाहेर ठेवायला काही कारणच उरत नाही.

खर्रा_सोडलेला (भंडारा)

एक विचारू का? आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटायचं काम सकाळी सहाला सुरू होतं. गल्लीतली तीन माणसं तोंडाच्या कॅन्सरने गेली, तोंड उघडत नाही असे तर मोजूच नका. आणि संस्था येते ती नाव न ऐकलेल्या विषाणूवर बोलायला. देणगी देणाऱ्यांचा आवडता विषय दिसतोय.

पीएचसीवाला

@खर्रा_सोडलेला, आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखू-सुपारीचा, यात वाद नाही. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर नाव न ऐकलेला नाही हो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख नवीन रुग्ण आणि जवळजवळ ऐंशी हजार मृत्यू. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तिन्ही येतात. एकाच फेरीत होणारं काम आहे, एकाला दुसऱ्याच्या आड उभं करू नका.

जुनं_खोड

सगळे लसीचे गोडवे गात आहेत म्हणून आठवण करून देतो. २००९ मध्ये गोदावरीच्या पट्ट्यात, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात, आणि गुजरातेत वडोदऱ्याला हीच लस 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हणून मुलींना टोचली. मुली बहुतेक गरीब, खम्मममध्ये कितीतरी आदिवासी वसतिगृहांतल्या. सात मुली दगावल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने काम थांबवलं. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने प्रकल्प चालवणाऱ्या परदेशी संस्थेवर कडक ताशेरे ओढले. संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या! आता पुन्हा संस्था, पुन्हा गाव, पुन्हा शाळेतल्या मुली. मी माझ्या नातीला देणार नाही.

पीएचसीवाला

काका, ते मृत्यू लसीमुळे झालेले नाहीत, असं चौकशीत निघालं. कोणी बुडून, कोणी साप चावून, कोणी विष पिऊन गेली होती. पण सह्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, ती लाजिरवाणी गोष्ट होती.

त्याच काळात एक वेगळा अभ्यासही चालू होता. मुलींना दोन आणि तीन डोस देऊन तुलना करायची होती. २०१० च्या आदेशाने तोही अर्ध्यात थांबला आणि जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोसही ९५ टक्क्यांच्या आसपास प्रभावी निघाला, दोन-तीन डोसांइतकाच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसालाही मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यात आपल्या या मुली आहेत. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. नातीबद्दल एकदा पुन्हा विचार करा.

मास्तरीणबाई

खोडकाकांचं म्हणणं लसीबद्दल मला पटत नाही, पण त्यांनी माझंच म्हणणं पुढे नेलं. खम्ममला चुकलं ते संमतीत. मुलीला आणि तिच्या आईबापाला पूर्ण माहिती नाही, तरी सही झाली. मग 'संपर्कातून' म्हणून पुढचं चित्र लावायचं आणि शेवटी संमतीचा कागद वाटायचा, हे त्याहून किती वेगळं? कागद वाटला होता, हे आधी लिहायचं राहिलं. कास्तकार भाऊ, तुमच्या मुलीचा निर्णय तुम्ही घेणार म्हणता, तो कशावर घेणार?

कास्तकार_पुसद

मी वाचून घेईन. माह्यापाशी मोबाइल हाय. पन माह्या मायले, बायकोले माइकवर काहून सांगता? अन् पैशाचं कोनी बोलून नाई राह्यलं. आपल्या देशात बनलेली लस निघाली म्हनतात, खासगीत एका डोसाचे दोन हजार. लहान पोरीले दोन डोस सांगतात. निंदनाची रोजी अडीचशे धरली तर सोळा रोज झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्रीनबाईनं बजेटात सांगतलं नऊ ते चौदाच्या पोरीईले लस देन्याले प्रोत्साहन देऊ. प्रोत्साहनानं सुई भरत नाई.

जुनं_खोड

हे मात्र लाख बोललास.

आशा_आहे_आशा (गडचिरोली)

मी आशा आहे, नाव नको. लसीवरच सगळे बोलून राहिले, तीस-चाळिशीच्या बायांचं काय? लस मुलींसाठी. ज्या आज पस्तिशीच्या आहेत त्यांना तपासणीच वाचवणार.

आमच्याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या होत्या, अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आता म्हणाल, जुनी गोष्ट. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नाहीत.

का येत नाहीत ते सांगते. फॉर्म मी भरते, त्यात 'अंगावरून पांढरं जातं का', 'संबंधानंतर रक्त जातं का' असं विचारायचं. सासू शेजारी बसलेली असते, सून 'नाही' म्हणते. मग कधीमधी शिबिर. आमच्याकडे मागच्या वेळी खोलीला दार होतं पण कडी नव्हती, तर मी आणि अंगणवाडीताई साडी धरून उभ्या राहिलो. टेबलावर झोपवून स्पेक्युलम, म्हणजे आतली जागा दिसावी म्हणून वापरायचं साधन, घालतात, व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक ॲसिड कापसाने लावतात, एक मिनिट थांबून टॉर्चने बघतात. जागा पांढरी दिसली तर पुढे पाठवायचं. दुखत नाही फारसं. पण ती टॉर्च कोणाच्या हातात आहे, यावर बाया ठरवतात. बाई असेल तर चाळीस येतात, पुरुष डॉक्टर असेल तर चार. आणि वेचणीच्या दिवसांत शिबिर ठेवलं तर तीही नाही, किलोमागे पैसे मिळतात तेव्हा टेबलावर कोण झोपायला येतं?

पीएचसीवाला

आशाताईंना दंडवत. एक जोडतो. धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, तिथल्या ५२ गावगटांमधल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसिटिक ॲसिडच्या एकाच तपासणीने त्या अभ्यासात तसा ठोस फरक दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदा शिबिर घेऊन फोटो काढून जाणाऱ्यांचा उपयोग थोडा. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतः, पडद्याआड, घेता येतो. टॉर्च कोणाच्या हातात हा प्रश्नच मिटतो. संस्थांनी आपला पैसा इथे लावावा.

फिरती_ताई (वर्धा)

डॉक्टर, नमुना स्वतः घेता येतो हे मान्य. पण निकालावर 'एचपीव्ही आढळला' असं येणार, आणि तो कागद घरात नवराच वाचणार. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

पीएचसीवाला

आलो. म्हणून नवऱ्याला आधी सांगायचं म्हणतोय.

मास्तरीणबाई

संस्थेला मी कळवलं आहे. पुढची सभा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, पुरुषांची वेगळी घ्या, ग्रामपंचायतीत जागा मी बघते. मुलींना नववीचं विज्ञानाचं पुस्तक हातात घेऊन मीच सांगेन, आमच्या पद्धतीने, कोणी उठून गेलं तर जाऊ दे. त्यांचं उत्तर आलं, "पुरुषांसमोर बोलायला आमच्याकडे पुरुष कार्यकर्ता नाही." म्हणजे एवढं सगळं चित्रांसकट तयार केलं आणि हे कोणाच्या डोक्यात आलंच नाही!

खर्रा_सोडलेला (भंडारा)

आमच्याकडे ठेवा सभा, मी बोलतो. पानठेल्यासमोर घ्या, गर्दी आयती आहे. तोंडाचंही सांगू, याचंही सांगू.

कास्तकार_पुसद

पोरीले लस देईन, ठरवलं. पैशाचं कपाशी निघाल्यावर पाहीन. पन सभेत बसाले मले बोलावू नका, मी येनार नाई.

आशा_आहे_आशा (गडचिरोली)

नका येऊ भाऊ. पण पोरगी तेरा वर्षांची म्हणजे वहिनी तिशीच्या पुढे असणार. त्यांची तपासणी झाली का कधी?

कास्तकार_पुसद

इचारून सांगतो.