'ब्लॅक आउट'चे पाच अर्थ पोरांकडून पाठ करून घ्यायचे का?

होटगी_रोड:
पुतणीची इंग्लिश क्लासची वही बघितली. ब्लॅक आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, वीज जाणे, दिवे मालवणे, मजकूर काळा करणे, बातमी दाबणे. वाक्य एकही नाही, खाली लाल पेनानं 'पाठ करणे'. मग तिनं 'उन्हामुळं आजोबा बेशुद्ध पडले' याचं काय केलं, तर 'ग्रँडफादर वॉज ब्लॅक्ड आउट'. म्हणजे आजोबांवर कुणीतरी काळी शाई फिरवली! साधं 'ग्रँडफादर ब्लॅक्ड आउट' पुरत होतं. माणूस स्वतः ब्लॅक आउट होतो तेव्हा कर्म लागत नाही, खिडक्या नाहीतर ओळी ब्लॅक आउट करायच्या तर लागतं, आणि तिथं 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'ब्लॅक इट आउट'. हे यादीत कुठं दिसणार? मला तरी असल्या याद्या बंदच व्हायला पाहिजेत असं वाटतं.

पार्क_चौक:
मी शिकवतो म्हणून सांगतो. वर्ग भरलेला, तास संपत आलेला, दहावी तोंडावर. आधी पोराला शब्द ओळखीचा तर वाटू दे, अर्थच माहीत नसेल तर वाक्य डोक्यात शिरणार कसं? तुमच्या पुतणीचं चुकलं ते वाक्यात, अर्थ तिनं बरोबरच धरला होता. तो कुठून आला, यादीतूनच ना?

सात_रस्ता:
सर, पण यादीतला पहिला अर्थच अर्धवट आहे. मी नर्स आहे. दारूच्या ब्लॅकआउटमध्ये माणूस जागा असतो, बोलतो, गाडीसुद्धा चालवतो, फक्त त्या वेळच्या आठवणी मेंदूत साठतच नाहीत. शुद्ध जाते त्याला पास आउट म्हणतात. फायटर पायलटचं तर आणखी वेगळं, जोरात वळण घेताना रक्त खाली उतरतं, आधी सगळं राखाडी दिसतं मग काळं, तरी तो शुद्धीवर असतो! आता यातल्या कुणाला बेशुद्ध म्हणायचं?

पार्क_चौक:
ताई, हे दहावीच्या पोराला सांगत बसलो तर धडा कधी संपवू?

अशोक_चौक:
आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हेच आहे. 'मालवणे' म्हणजे काय हेच मला शेजारच्या काकूंना विचारावं लागलं होतं. म्हणजे इंग्रजीचा एक शब्द कळायला आधी मराठीचे पाच शिका. त्यापेक्षा चित्र काढून दाखवा, दोन वाक्यं द्या, कुठल्याही घरच्या पोराला कळतंय.

विंगेतला:
हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिकेच्या तालमीला बसलेल्या पोरांना विचारा, 'ब्लॅकआउट घे' म्हटलं की लाइटवाला बरोबर स्टेजवरचे सगळे दिवे घालवतो, त्याला कुणी यादी दिली नव्हती. आणि वीज जाण्याचंही नीट सांगायला पाहिजे. आपल्याकडं लोडशेडिंगलाही लोक ब्लॅकआउट म्हणतात, पण ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, कोसळू नये म्हणून ठरवून वीज कापतात ते लोडशेडिंग. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रीड कोसळली, निम्मा देश अंधारात, तो खरा ब्लॅकआउट. आपण वेस्टर्न ग्रीडवर म्हणून सोलापूर वाचलं. अजून एक सांगतो. आणीबाणी लागली त्या २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली आणि सकाळी बरीच वर्तमानपत्रं निघालीच नाहीत. वीज तोडून बातमी दाबली, यादीतले दोन अर्थ एकाच रात्री. एवढं सांगितलं की पोरं जन्मात विसरणार नाहीत.

होटगी_रोड:
हेच म्हणतोय मी! प्रत्येक ठिकाणी काहीतरी दिसायचं बंद होतंय, कधी डोळ्याला, कधी शहराला, कधी वाचणाऱ्याला. ही एक गोष्ट पक्की झाली की सामन्याचं प्रक्षेपण ब्लॅक आउट केलं हेही पोरगं स्वतःच ओळखेल, नाहीतर यादी वाढवत किती वाढवणार?

पार्क_चौक:
ओळखेल ते हुशार पोरगं. मागच्या बाकावरच्याला यादीचाच आधार असतो, ती मी काढून घेणार नाही. १९७५ चं उदाहरण मात्र वर्गात नक्की सांगतो. चाचणीत अर्थच विचारणार.

होटगी_रोड:
एक तरी वाक्य विचारा की ओ सर.